मद्यत्याग मंडळाचे नाचणीसत्त्व

रत्नागिरी, २० नोव्हेंबर १९३४

चि. भास्कर यास अनेक आशीर्वाद.

रावसाहेब शेवड्यांनी होकार दिला. ही बाजारातली बातमी नव्हे. परवा तुझी काकू त्यांच्याकडे तुळशीच्या लग्नाला गेली होती, ती माजघरातून हे घेऊन आली, आणि आज सकाळी देवळाच्या पायरीवर खुद्द रावसाहेबांनी दुजोरा दिला. मुलगी सुमेधा. इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. थोडी स्पष्टवक्ती आहे, पण तू मुंबईत राहिलेला, तुला चालेल.

आता अडचण सांगतो. रावसाहेब आमच्या मद्यत्याग मंडळाचे अध्यक्ष आणि मी चिटणीस. त्यांनी विचारले, मुलगा करतो काय? मुंबईला बिअरच्या कारखान्यात नळ जोडतो, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? मी म्हणालो, धान्याचे सत्त्व काढण्याच्या कारखान्यात आहे. यात खोटे काही नाही. त्या सत्त्वाचे पुढे काय होते, ते त्यांनी विचारले नाही.

दुर्दैवाने त्यांना ते फार आवडले. दारू सोडलेल्या माणसाला तिच्या जागी काय द्यावे, हा मंडळाचा जुना प्रश्न आहे. आम्ही चहा देतो, तर माणूस पुन्हा फिरकत नाही. रावसाहेब म्हणाले, "तुमच्या पुतण्याच्या पद्धतीने आपण नाचणीचं सत्त्व काढू. स्वदेशी, पौष्टिक आणि निर्मद्य." सभेने टाळ्या वाजवल्या. तेव्हा तुमच्या यंत्राचा नकाशा ताबडतोब पाठव.

काकू म्हणते, "सत्त्व मी पंच्यातून गाळते. तुम्हाला त्याला तांबट कशाला लागतो?" मी तिला सांगितले की हे शास्त्रीय आहे.

दत्तात्रेय

*

मुंबई, २८ नोव्हेंबर १९३४

ती. दत्तूकाका यांस साष्टांग नमस्कार.

मला विचारून खोटे बोलला असतात तर निदान दोघांचे सांगणे एकच झाले असते. मी सहा वर्षे या कारखान्यात आहे आणि आईला दिलेल्या शब्दाप्रमाणे एक थेंब जिभेला लावलेला नाही. इथले लोक मला भटजी म्हणतात. हेच रावसाहेबांना सांगायला काय हरकत होती?

सुमेधा मला आठवते. गेल्या मे महिन्यात आगबोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरताना तिने तांडेलाला, माणसे जास्त भरलीस म्हणून, सगळ्यांदेखत झापले होते. तांडेलाने दोघांना परत वर चढवले. त्यातला एक मी. हे लग्न व्हावे असे मला मनापासून वाटते. म्हणून नकाशा पाठवतो. पण माझ्या नोकरीचे खरे लग्नाआधी त्यांना कळले पाहिजे, हे आपण धरून चाला.

आमच्या त्या पिंपाला मॅश टन म्हणतात. धान्याला मोड आणून, वाळवून, जाडसर भरडायचे आणि लाकडी पिंपात कढत पाण्याबरोबर मुरत ठेवायचे. पाणी आंघोळीच्या पाण्याहून बरेच कढत हवे, पण उकळते नको. उकळते ओतलेत तर नुसती खळ होईल, गोडी येणार नाही. पिंपाच्या खऱ्या तळावर चार बोटे जागा सोडून तांब्याच्या पत्र्याचा भोकाभोकांचा खोटा तळ बसवायचा. धान्य त्यावर राहते, रस खाली उतरतो आणि तोटीतून बाहेर येतो. मग वरून कढत पाणी शिंपडून धान्यात उरलेली गोडी धुवून काढायची. पाणी सगळीकडे सारखे आणि सावकाश पडले पाहिजे. सगळी विद्या त्या शिंपडण्यात आहे.

मुख्य गोष्ट शेवटी लिहितो, म्हणजे लक्षात राहील. तोटीतून आलेला रस त्याच दिवशी उकळून काकवीसारखा आटवा. तसाच ठेवलात तर तो आंबेल, आणि मग आमच्या कारखान्यात जे होते तेच होईल.

आपला,
भास्कर

*

रत्नागिरी, ६ जानेवारी १९३५

चि. भास्कर,

पिंप झाले. जयगडच्या गंगाराम सुताराने केले. तो होड्या बांधतो. आधी तयार नव्हता. म्हणाला, "बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच मला येतं. आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे कधी केलेलं नाही." रावसाहेबांनी त्याला समजावले की तत्त्व एकच आहे. त्यांच्या पडवीतला जुना बंब पाणी तापवायला घेतला आणि तांबटाकडून पत्रा करवला. 'खोटा तळ' हा शब्द मंडळाला शोभत नाही, असे रावसाहेबांचे मत पडल्यामुळे वृत्तांतात मी 'दुसरा तळ' लिहिले आहे.

शिंपडण्याची तुझी कल्पना आम्हाला नवीन नाही. देवळातले अभिषेकपात्र आणून पिंपावर टांगले. गुरवाने कुरकुर केली, तेव्हा त्याला मंडळाचे सभासद करून घेतले.

काल पहिला प्रयोग रावसाहेबांच्या परसात झाला. नाचणी मुरली. वास उत्तम सुटला. रावसाहेबांनी छोटे भाषण केले, ते संपेपर्यंत आणखी मुरली. मग मी तोटी उघडली. काही आले नाही. गंगाराम समाधानाने म्हणाला, "माझ्या हातची वस्तू गळत नाही."

नळी तुंबली असावी, असे ठरले. असल्या प्रसंगी अध्यक्षाने मागे राहू नये, म्हणून रावसाहेबांनी स्वतः तोटीला तोंड लावून फुंकले. आतून गडगड असा आवाज आला. त्यांनी पुन्हा फुंकले. तिसऱ्यांदा ते दम घ्यायला थांबले, तेवढ्यात आतले बाहेर आले. नाचणीची ती लापशी मिशांत वाळते आणि सहज निघत नाही, हे तुझ्या माहितीसाठी कळवतो. सुमेधा तोंडाला पदर लावून विहिरीकडे निघून गेली. मुलीला बापाचे वाईट वाटणारच.

काय चुकले, ते उलट टपाली कळव. रावसाहेब तुझ्याविषयी काही बोलत नाहीत, पण होकाराचाही उल्लेख करत नाहीत.

दत्तात्रेय

*

मुंबई, १४ जानेवारी १९३५

ती. काका,

चूक माझी. आमच्याकडे जव असतो. जवाची सालच पिंपात गाळणीचे काम करते. नाचणीला ती साल नाही, त्यामुळे तिचा गारा होऊन पत्र्याची भोके लिंपली जातात. भाताचा तूस स्वच्छ धुवून नाचणीत भरपूर मिसळा आणि पत्र्यावर आधी त्याचाच थर द्या. रस वाट काढील.

अभिषेकपात्र देवळात परत करा. एकाच जागी धार पडली की मधोमध बीळ होते, सगळे पाणी त्यातून पळते आणि कडेच्या नाचणीची गोडी तशीच राहते. पिंपाच्या घेराएवढे तांब्याच्या नळीचे कडे करा, त्याला खालच्या अंगाने बारीक भोके पाडा आणि ते बंबाच्या तोटीला जोडा. वरून जेवढे पाणी पडते तेवढाच रस खालून सोडा. घाई केलीत तर पुन्हा तुंबेल.

तोटीत कोणी फुंकू नये. अध्यक्षांनीसुद्धा.

आणि रस उकळा.

भास्कर

*

रत्नागिरी, १० फेब्रुवारी १९३५

चि. भास्कर,

तुझ्या तुसाने लाज राखली. तोटी उघडली आणि रस असा उतरला, जणू मध. पहिला पेला रावसाहेबांनी घेतला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "या पोराच्या हातात विद्या आहे." लग्न चैत्रात करू, असेही म्हणाले. तुझ्या काकूने त्यातला घोट घेऊन सांगितले की तिच्या सत्त्वासारखाच लागतो, फक्त तिला परसभर माणसे लागत नाहीत.

उकळण्याचा मुद्दा मी मांडला होता. पण रावसाहेबांनी एका इंग्रजी मासिकात वाचले आहे की उकळल्याने जीवनसत्त्वे मरतात. जिवंत सत्त्व मारून लोकांना पाजणे मंडळाच्या तत्त्वात बसत नाही. तेव्हा उकळणे रद्द केले.

साठवणीचा प्रश्न मी सोडवला. गेल्या दसऱ्याला भागोजी आणि त्याच्या भाऊबंदांनी माडी काढणे सोडून आपली मडकी मंडळाच्या स्वाधीन केली होती. ती जाहीर सभेत फोडायची असे ठरले होते. फुटकी होती तेवढी आम्ही फोडली. चांगली, पक्की भाजलेली मडकी फोडायचे रावसाहेबांच्या जिवावर आले, ती माळ्यावर ठेवली होती. आता ती सत्कारणी लागली. मी स्वतः धुतली, उन्हात वाळवली आणि प्रत्येकात तुळशीचे पान टाकले.

एक विशेष असे की या मडक्यांत दुसऱ्या दिवशी सत्त्वावर फेस येतो. रावसाहेब म्हणतात, ती सत्त्व जिवंत असल्याची खूण. गोडी थोडी कमी होते, पण अंगात उल्हास वाटतो. पोस्टमास्तरांचा गुडघा दुखायचा राहिला.

दत्तात्रेय

*

तार. मुंबई, १३ फेब्रुवारी

मडकी फोडा. सत्त्व ओतून टाका. पत्र मागाहून. भास्कर

*

रत्नागिरी, १८ फेब्रुवारी १९३५

चि. भास्कर,

तार आली. तार म्हटल्यावर तुझ्या काकूने आधी रडून घेतले, मग वाचली. पाठोपाठ तुझे पत्रही आले. माडीचे विरजण मडक्याच्या अंगात मुरलेले असते, ते धुऊन जात नाही, असे तू लिहितोस. असेल. पण मडकी ही मंडळाची मालमत्ता आहे. ती फोडायला ठराव लागतो. मी ठराव मांडला होता. अनुमोदक मिळाला नाही.

मंडळाची स्थिती तुला ठाऊक नाही. मागे सभेला रिकाम्या खुर्च्या मोजत बसायचो. आता खुर्च्या काढून जाजम घालतो, तरी लोक पडवीत उभे. आभाराचा ठराव एकाच सभेत तीनदा मंजूर होतो. गेल्या रविवारी रावसाहेब दारूच्या दुष्परिणामांवर बोलता बोलता रडले. सगळेच रडले. दोन घराण्यांचे बांधावरचे भांडण सभेतच मिटले आणि घरी जाताना पुन्हा सुरू झाले. अबकारी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ नेमाने येतात. पेला नाकाशी धरून म्हणतात, "वास ओळखीचा आहे, पण कुठला ते आठवत नाही." आठवेपर्यंत ते आणखी एक घेतात.

भागोजी मागे भिंतीला टेकून बसतो. काल मला म्हणाला, "मास्तर, माजी मडकी बरी हायत ना?" मी म्हटले, बरी आहेत. तेव्हा म्हणाला, "बरा झाला. आमी सोडली नि तुमी धरलात."

भास्कर, मी तीस वर्षे मास्तरकी केली आहे, पोरांच्या तोंडाला कशाचा वास येतो ते मला कळते. पण चैत्र जवळ आला आहे. लग्न होईपर्यंत सत्त्वाला सत्त्वच म्हणू.

आता नवीन. रावसाहेबांना तुमच्या कारखान्याचे प्रमाणपत्र हवे आहे, सभागृहात काचेत लावायला. आगबोटीवरच्या खलाशाबरोबर एक बाटली पाठवली आहे. दोन ओळी लिहून पाठव. 'पौष्टिक' हा शब्द असावा.

दत्तात्रेय

*

मुंबई, ९ मार्च १९३५

ती. काका,

बाटली पोचली. बूच वाटेत उडाले होते, खलाशाने अंगठा धरून आणली. तोही वाटेत खुशीत होता.

मला चाखता येत नाही, म्हणून साहेबापुढे ठेवली. त्याने घोट घेतला, पेला खिडकीच्या उजेडात धरला, आणखी एक घोट घेतला आणि विचारले, हे कोणी केले? मी म्हणालो, आमच्या गावच्या मद्यत्याग मंडळाने. तो हसला नाही. म्हणाला, "त्यांना सांग, गाळणी फार चांगली आहे. जोर आपल्या मालापेक्षा थोडा जास्त आहे. आणखी महिनाभर मुरू द्यायला हवं होतं." मग उरलेली बाटली त्याने कपाटात ठेवली. कुलपाच्या.

प्रमाणपत्रात मी एवढेच लिहू शकतो, आणि ते काचेत लावण्यासारखे नाही.

लग्न व्हावे म्हणून मी इतके दिवस गप्प होतो. आता गप्प राहिलो तर सुमेधा कोणाशी लग्न करते आहे हेच तिला कळणार नाही. म्हणून आजच रावसाहेबांना वेगळे पत्र टाकले आहे. त्यात दोनच गोष्टी आहेत: मी बिअरच्या कारखान्यात आहे, आणि आपल्या मडक्यांत जे आहे तेही तेच आहे. ते होकार परत घेतील. आपली मान खाली जाईल, त्याची क्षमा मागतो. पण पिंप मी शिकवले, तेव्हा त्यातून काय निघते हे सांगणेही माझेच काम.

भास्कर

*

रत्नागिरी, २० मार्च १९३५

चि. भास्करराव यांस रावसाहेब शेवडे यांचे आशीर्वाद.

आपले पत्र पोचले. चष्मा सापडत नव्हता म्हणून सुमेधाने ते मोठ्याने वाचून दाखवले. खोलीत त्या वेळी कार्यकारी मंडळ हजर होते.

पहिल्या मुद्द्याविषयी. आपण मदिरेच्या कारखान्यात नोकरीला आहात, हे वाक्य सभेने सुमेधाकडून पुन्हा वाचून घेतले. परंतु सहा वर्षे त्या काजळाच्या कोठडीत राहून आपल्याला डाग लागलेला नाही, हे आपल्या काकांनी शपथेवर सांगितले, तेव्हा माझे डोळे भरून आले. असा जावई मिळण्याला पुण्याई लागते. आमच्या मंडळाचे सर्व सभासद दारूपासून दूर राहून दारू टाळतात. आपण तिच्या नळाशी बसून टाळलीत.

दुसऱ्या मुद्द्याविषयी. आपल्या साहेबाला नाचणीची ओळख नाही. ज्याची जीभ जन्मभर दारूवर पोसली, त्याला अमृतातही दारूच लागणार. आम्ही त्याच सभेत प्रत्येकी दोन पेले घेऊन काळजीपूर्वक परीक्षा केली. कोणालाही काही जाणवले नाही. हा निर्णय एकमताने झाला. भागोजी मत द्यायला उठला होता, परंतु त्याला हसू आल्यामुळे बोलता आले नाही.

गुरुवार, ता. ११ एप्रिल रोजी आपण आगबोटीने यावे. बंदरावरून थेट सभेत आणण्याची व्यवस्था केली आहे. तेथे आपल्या हस्ते मद्यत्यागाची प्रतिज्ञा होईल. मंडळाचा हल्लीचा रिवाज असा की उजव्या हातात सत्त्वाचा भरलेला पेला धरून प्रतिज्ञा म्हणायची आणि शेवटच्या शब्दाबरोबर तो रिकामा करायचा. पेला खाली ठेवणाऱ्याची प्रतिज्ञा कच्ची धरतात. त्यानंतर लगेच साखरपुडा.

रावसाहेब शेवडे

*

मुंबई, २७ मार्च १९३५

ती. काका,

रावसाहेबांचे पत्र मी चारदा वाचले. कारखान्यात राहून जे मी सहा वर्षे केले नाही, ते मद्यत्याग मंडळात, प्रतिज्ञा म्हणत, सासऱ्यांच्या देखत करायचे आहे.

मी तो पेला घेणार नाही. आईच्या उशाशी बसून शब्द दिलेला आहे. भर सभेत पेला खाली ठेवला तर साखरपुडा होणार नाही, हे मला कळते. मग इतक्या माणसांत त्यांच्या मुलीचा अपमान करण्यापेक्षा मी न आलेलेच बरे. आपण त्यांना सांगा, रजा मिळाली नाही. आपल्याला असले सांगता येते.

भास्कर

*

रत्नागिरी, ३ एप्रिल १९३५

श्री. भास्करराव लिमये यांस नमस्कार.

आमच्याकडे मुलीने होणाऱ्या नवऱ्याला पत्र लिहिण्याची पद्धत नाही. पण आमच्याकडे दारूबंदीच्या सभेत पेले भरण्याचीही पद्धत नव्हती. हे पत्र उमाकाकूंच्या पाकिटातून येत आहे. तुमचे २७ तारखेचे पत्र त्यांनी मला आणून दिले. तुमचे काका रजेची गोष्ट जुळवत बसले होते, त्यांना मी थांबवले.

मडक्यांत काय आहे, ते मला तुमच्या पत्राआधी महिनाभर ठाऊक होते. बाबांनी पहाटे उठून तुळशीला पाणी घातले, मग विहिरीला घातले. तुमचे पत्र आले तेव्हा त्यांचा चष्मा माझ्या पदराखाली होता. त्यांनी एकट्याने वाचले असते तर एकच मुद्दा वाचला असता. मी दोन्ही वाचले, दुसरा जरा सावकाश. तरी काय झाले ते तुम्हाला कळवलेच आहे. बाबा खोटे बोलत नाहीत. त्यांना खरोखरच सत्त्व वाटते. ज्या माणसाने उभ्या जन्मात दारू घेतली नाही, त्याला तिची चव कळावी कशी?

आज घटकेला या गावातल्या प्रतिष्ठित मंडळींत न पिणारा एकही पुरुष उरलेला नाही. एक आहे, तो मुंबईला दारूच्या कारखान्यात नळ जोडतो. तो रजा मिळाली नाही म्हणून यायचा राहिला, तर मी कोणाशी लग्न करावे ते त्यानेच कळवावे.

आता कामाचे. पिंपाचे काम शिमग्यापासून मीच पाहते, कारण बाकीच्यांना दुपारी झोप येते. तूस मी दोनदा धुते. शिंपडायचे कडे सरळ टांगले नव्हते, एका अंगाला पाणी जास्त पडत असे, ते सारखे केले. गुरुवारी सकाळी नाचणी घालीन आणि दुपारी आगबोट आली की धुऊन काढायला लागेन. तोटीखालचा रस तुम्ही स्वतः लिहिल्याप्रमाणे नुसता गोड असतो. बिघडते ते पुढे, मडक्यात. तुमचा पेला मी तोटीखाली धरून भरीन आणि तो मडक्याजवळ नेणार नाही. रंग तोच, फेस नाही एवढेच, आणि मागच्या रांगेतून फेस दिसत नाही. सभासदांचे पेले नेहमीच्या मडक्यातून भरतील. पेले मी वाटणार आहे. हाताला गरम लागेल तो तुमचा. शेवटच्या शब्दाबरोबर खुशाल रिकामा करा, आईच्या शब्दाला काही होणार नाही.

लग्न झाल्यावर पहिले काम मडकी भागोजीला परत देण्याचे. तो रोज विचारतो. मग रस उकळायला घेऊ. सभेच्या खुर्च्या परत आणाव्या लागतील, त्या कुठे ठेवल्या आहेत ते मी पाहून ठेवले आहे.

तोटी थोडी गळू लागली आहे. गंगारामला हे सांगितलेले नाही, त्याला लागेल. येताना तिच्या मापाचा चामड्याचा वायसर आणावा. माप सोबत दोऱ्याने बांधून पाठवले आहे.

बंदर आमच्या परसातून दिसत नाही, पण आगबोटीची शिटी ऐकू येते. ती झाली की मी तोटी उघडीन.

सुमेधा शेवडे